मीठ घालण्यापूर्वीची नोटीस

लातूर जिल्हा सरकारने केला असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते चूक आहे. लातूर जिल्हा आमच्या शेजारच्या मोजणीवाल्या काकांनी केला, सरकारने फक्त सही केली. हे मी म्हणत नाही, काका म्हणतात. आणि वीस-बावीस वर्षं सामाईक भिंतीपलीकडून तेच ऐकल्यावर माझाही त्यावर जवळजवळ विश्वास बसला आहे. उस्मानाबादेतून आपला जिल्हा वेगळा निघाला तेव्हा काका भूमी अभिलेख खात्यात नवे नवे लागले होते, आणि नकाशांचे गठ्ठे ज्या ट्रकमधून लातूरला आले त्या ट्रकमध्ये त्याच गठ्ठ्यांवर बसून ते आले. "अख्खा जिल्हा मांडीखाली घेऊन आलो, बाई," असं ते सांगत. त्यांचं सगळं आयुष्य त्या ट्रकपासून मोजलेलं. लग्न कधी झालं? जिल्हा झाल्यावर दुसऱ्या साली. लेक कधी झाली? जिल्ह्याच्या चौथ्या साली. पुढे दरवर्षी जानेवारी जवळ आला की उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठायची. आवई उठली की काका ओट्यावर बसून सहा पेन्सिली तासून ठेवायचे. निवृत्त झाले त्या वर्षीही तासल्या. मी म्हटलं, "काका, आता तुम्हाला कोण बोलावणार?" तर म्हणाले, "बोलावलं आणि पेन्सिल बोथट निघाली तर?"

मी सरकारी दवाखान्यात औषधं देते, म्हणजे दिवसभर गोळ्या मोजते. त्यामुळे मोजणाऱ्या माणसाचा मला मुळात राग नाही. पण मी संध्याकाळी पाचला मोजणं थांबवते. काकांचं मोजणं थांबत नसे. माझ्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत एकशे अठरा पावलं आहेत, हे मला न विचारता कळलेलं आहे. शिंप्याकडे पँट शिवायला गेले तर आधी शिंप्याची टेप स्वतःच्या पट्टीवर ताडून बघायचे आणि "ही टेप आखडली आहे, तुम्ही गावाला आखूड चोळणे घालून फिरवताय," असं सांगून यायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी मांडवात चुन्याने पंगतीच्या रेघा आखल्या होत्या. व्याह्यांकडच्या एका जाड्या गृहस्थाने ऐसपैस बसायचं म्हणून पाट वीतभर पुढे घेतला, तर काकांनी हात जोडून, अत्यंत नम्रपणे, त्यांना पाटासकट मागे सरकवलं. वरण वाढणारा तोवर वाटीत पळी धरून उभा.

पण या सगळ्यापेक्षा भारी म्हणजे त्यांच्या नोटिसा. शेत मोजायचं झालं की चारी बाजूंना ज्यांची जमीन लागून आहे त्या लगतधारकांना आधी नोटीस जाते. ते हजर राहतात, काही हरकत असेल तर नोंदवतात, सह्या करतात आणि मग मोजणीची साखळी जमिनीला लागते. तीस-पस्तीस वर्षं हे केल्यावर काकांना वाटू लागलं होतं की जगात कुठलंही काम असंच करायचं असतं. भिंतीला चुना देण्याआधी दाराखालून चिठ्ठी. पेरूची फांदी तोडण्याआधी चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात "कळविण्यात येते की" आणि शेवटी सहीसाठी आखलेली रेघ. एकदा दवाखान्यात जायच्या घाईत मी न वाचता सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या सकाळी काका दारात. "चला, तुमची संमती आहे." कशाला संमती, तर त्यांच्या माळ्यावरचा उंदीर धरण्याला. मी दीड तास शिडी धरून उभी होते. उंदीर गैरहजर राहिला.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षाबद्दल मला फार रंगवून सांगता येणार नाही, कारण मुख्य आठवण थकल्याची आहे. आमचे हे इस्लापूरला नोकरीला, महिन्यातून दोनदा येणार. मुलगा शिकायला बाहेर. त्यामुळे पाणी भरणं, ड्रमला कुलूप लावणं, टँकर कुठल्या गल्लीत आहे त्याचा माग काढणं ही सगळी नोकरी माझी. गल्लीत प्रत्येक दारापुढे निळे ड्रम आणि प्रत्येक ड्रमवर रंगाने नाव. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. एकमेकांकडे भाजीची वाटी गेली तर रिकामी परत करायची नाही म्हणून लोक तीत साखर घालत नव्हते, वाटीभर पाणी घालून झाकून आणत होते. काकांनी एका वेळूच्या काठीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ ती ड्रममध्ये बुडवायचे आणि वहीत लिहायचे. स्वतःचा ड्रम झाला की माझा.

"जय भीम, बाई. तुमचं काल दोन बोटं जास्त गेलं."

"काल डोक्यावरून अंघोळ केली."

"कारण लिहू का?"

"लिहा."

आणि ते खरंच लिहायचे.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि त्याच्या आदल्या दिवाळीनंतर काकू गेल्या होत्या. स्वयंपाकघरात काका त्याआधी एकदाच गेले होते, ओट्याची लांबी घ्यायला. काकूंमागे त्यांनी डबा लावून पाहिला, पण डबेवालीच्या पोळ्या रोज वेगळ्या मापाच्या येतात म्हणून बंद केला. मग चुरमुरे, बिस्किटं, कधी माझ्याकडची वाटी. पट्ट्याला त्यांनी दाभणाने नवी भोकं पाडली होती, अर्थातच सारख्या अंतरावर. मार्च संपेपर्यंत ती चार झाली. मी दवाखान्यातल्या काट्यावर उभं करून वजन घेतलं, आकडा पाहिला आणि नांदेडला त्यांच्या लेकीला फोन केला. चहाडी म्हणा हवं तर. मला दुसरं काही सुचलं नाही.

लेक दोन दिवसांत आली, सोबत आठ वर्षांची रेवा. आल्या आल्या तिने डबे उघडून पाहिले, वडिलांचा पट्टा पाहिला आणि खाली बसली. "पप्पा, बास झालं आता. नांदेडला चला. तिथं दोन दिवसाआड का होईना नळाला पाणी येतंय. लिफ्ट हाय, खाली दवाखाना हाय. इथं तुम्ही काय खाताल, काय पिताल?"

"पाऊस पडल्यावर बघू," काका म्हणाले.

"पावसापर्यंत तुम्ही राहताल का?"

काकांनी यावर जे सांगितलं ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं, आणि मला वाटायचं की मी त्यांचं सगळं ऐकलेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. मुरुडजवळच्या त्यांच्या गावातून सगळं घर खडी फोडायला गेलं. पाऊस पडल्यावर परत आले तर शेताचा बांध चार पावलं आत सरकलेला. "दगड कोणी हलवला, कुणालाच माहीत न्हाई. सगळे म्हणाले, पहिल्यापासून इथंच हाय. बाप रोज सकाळी जायचा आणि पावलं टाकून बघायचा. मरेपर्यंत बघत होता." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "मी दुष्काळात घर सोडणार न्हाई. पाऊस पडू दे. मग स्वतः कुलूप लावून येईन."

"पप्पा, इथं कोण तुमचा बांध कोरायला बसलंय? ह्या काकू?" तिने माझ्याकडे हात केला.

"त्यांची बाजू मोजलेली आहे," काका म्हणाले.

लेकही त्यांचीच. ती म्हणाली, ठीक आहे, खाण्याचं काय ते सिद्ध करा. रेवा त्या वेळी पोळी-भाजी पाहिली की मान फिरवायची आणि पास्ता म्हटलं की ताठ बसायची. तेव्हा एक जेवण. पास्त्याच्या नळ्या लेक आणून देईल, पण वरचा सॉस काकांनी स्वतःच्या हाताने, टोमॅटोपासून करायचा. पाकीट फोडायचं नाही, शेजारच्या काकूंनी, म्हणजे मी, हात लावायचा नाही. रेवाने ताट साफ केलं तर काकांनी पावसापर्यंत खुशाल लातूरला राहावं. ताटात राहिलं तर त्याच दिवशी गाडीत बसायचं.

"लेखी दे," काका म्हणाले. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून सही माझी. मुदत तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांनी माझा जीव खाल्ला. मोबाईलवर कोणी एक बाई टोमॅटोचा सॉस करून दाखवायची, काका तिला दर चार शब्दांनी थांबवायचे आणि भिंतीवरून मला हाक मारायचे. "बाई, थोडंसं तेल म्हणजे किती?"

"अंदाजाने घ्या."

"अंदाज हे माप नाही."

मंद आच कुठवर आणि मध्यम आच कुठून हे ठरेना, म्हणून त्यांनी गॅसच्या बटणाभोवती पेन्सिलीने अंशांच्या खुणा केल्या. टोमॅटो आणायला गेले तर सुतळीचा तुकडा घेऊन गेले आणि एका घेराचे चौदा शोधता शोधता बाजार उठायची वेळ आणली. त्या उन्हाळ्यातले टोमॅटो म्हणजे लिंबाएवढे, जाड सालीचे, रागावल्यासारखे. "हिच्या टोमॅटोला पाणी मिळालेलं दिसतंय," मोबाईलमधल्या बाईकडे बघून काका म्हणाले. मत्सर नव्हता त्यात, नोंद होती. त्या बाईने शेवटी एक हिरवा पाला टाकला होता. किराणावाले मामा म्हणाले, हा पाला लातुरात मिळणं शक्य नाही. मग काकांनी मोबाईल नेऊन पलीकडच्या खालाला दाखवला. खाला म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, एक शेळी आणि तेलाच्या डब्यात लावलेलं एक झाड एवढा त्यांचा संसार. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे भाईसाब, ये तो सब्जाच है! मेरे डब्बे में खड़ा है ना." त्या वर्षभर वजू करताना हात त्या डब्यावर धरत होत्या, म्हणून गल्लीत तेवढं एक झाड हिरवं होतं. डबा भिंतीवर, शेळीच्या तोंडाच्या वर. आठ पानं कबूल झाली.

काकांच्या ड्रममध्ये एका तालमीपुरतं पाणी होतं. तालीम बिघडली. टोमॅटोवर सुरीने फुलीची खूण करायची, उकळत्या पाण्यात बुडवायचे आणि साल ओढायची, हे त्यांना सुंदर जमलं. जुना नकाशा कापडावरून सोडवावा तशी अलगद, न फाडता साल काढली. पण ती बाई म्हणाली होती की लसूण सोनेरी होऊ द्या. काकांनी बोटातली लग्नाची अंगठी काढून कढईशेजारी धरली आणि रंग जुळायची वाट पाहत बसले. अंगठी जुन्या सोन्याची, तांबूस. रंग जुळला तेव्हा लसूण कडू झाला होता. मी चमचाभर खाल्लं आणि औषधासारखं गिळलं. काका म्हणाले, "सोन्याची प्रत सांगायला पाहिजे होती तिनं."

चौदा टोमॅटो शेळीला गेले. शेळीनेही विचार करून खाल्ले.

शेवटच्या शुक्रवारी मी दवाखान्यातून आले तर दाराखाली चिठ्ठी. "कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता खाली सही करणाराच्या स्वयंपाकघरात टोमॅटोच्या सॉसमध्ये मीठ घालण्यात येणार आहे. तरी सर्व लगतधारकांनी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून मीठ घालण्यात येईल."

मी एकटीच हसले. मग हसणं थांबलं, कारण त्यात मीठच का आलं ते लक्षात आलं. तेलाला नोटीस नव्हती, लसणाला नव्हती, फक्त मिठाला. काकूंचं मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं. दोन-तीन वर्षं अळणी खाऊन त्यांची जीभ गेली, भाजी खारट की कमी हे कळेना. म्हणून रोज सकाळी मी निघायच्या आधी भिंतीवरून पळी यायची: "पोरी, मीठ बघ गं." मी चाखायची, चिमूटभर घाला म्हणायची किंवा बास म्हणायची. काका ओसरीत बसून हे रोज ऐकत होते. काकूंच्या गोळ्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या, पण गोळी आणि ही पळी यांचा संबंध त्यांना कधी कळला नव्हता. त्यांची अशी समजूत झाली होती की मीठ शेजाऱ्याला विचारूनच घालायचं असतं. घरोघरी तशीच पद्धत आहे, आणि ती त्यांच्या मोजणीच्या नियमात अगदी चपखल बसत होती. त्यांना खरं सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग मी रेघेवर सही केली आणि चिठ्ठी परत सारली.

रविवारी लेक आणि रेवा सकाळच्या बसने आल्या. अकराला पूर्वेकडून मी, पश्चिमेकडून खाला, दक्षिणेकडून किराणावाले मामा असे तिघं ओट्यासमोर उभे. लेक दारातच अडली. "पप्पा, हे काय? ही मदत झाली."

"मदत नव्हे, कार्यपद्धती," काका म्हणाले. "आणि उत्तरेचे आले नाहीत अजून."

उत्तरेला रस्ता होता. रस्ता सरकारचा. म्हणून काका फाटकात जाऊन उभे राहिले आणि सरकारच्या वतीने पहिलं कोण येतं याची वाट बघू लागले. वीस मिनिटं गेली. कढईतला सॉस खुणेवरच्या मंद आचेवर आटत होता, पण हात लावायचा नाही असा करार होता, म्हणून मी हाताची घडी घालून बघत राहिले. शेवटी टँकर आला आणि काकांनी ड्रायव्हरला खाली उतरवून आत आणलं. तो बिचारा दारातच चपला काढायला लागला. त्याला वाटलं काही कार्य आहे.

चौघांच्या तळहातावर थेंब थेंब पडला.

"भाईसाब, इसमें तो कुछ हैच नै," खाला म्हणाल्या. "ज़रा लाल मिरची डालो."

"हरकत नोंदवली," काकांनी वहीत लिहिलं. "नामंजूर."

"शेंगदाण्याचं कूट घाला की हो थोडं. अंगाला येईल," मामा म्हणाले.

"नोंदवली. नामंजूर."

ड्रायव्हरने तळहात चाटला आणि सगळ्यांकडे पाहिलं. "मटन कवा टाकनार हाय?"

"मटण विषयाबाहेर आहे. मिठाबद्दल बोला."

"मीठ न्हाईच की मग."

"बाई?"

मी म्हटलं, "चमचा. सपाट. वर नखभर." काकांनी चमच्यावरून पट्टी फिरवून मीठ सपाट केलं, घातलं, ढवळलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी चाखलं. टोमॅटो आता गोड आणि आंबट दोन्ही लागत होता, मागे सब्ज्याचा वास. "हरकत नाही," मी म्हटलं. तेवढ्यात कढईच्या बुडातून चर्र आवाज आला. वीस मिनिटांत सॉस गोळा व्हायला आला होता.

शेजारी पातेल्यात नळ्या शिजून तयार होत्या. चार लिटर पाणी. त्यातच आधी टोमॅटो बुडवून काढले होते आणि त्यातच नळ्या उकळल्या होत्या, कारण दुसरं पाणी नव्हतं. काकांनी त्या गढूळ, दाट पाण्याच्या चार पळ्या सॉसमध्ये ओतल्या.

"पप्पा! ते घालत नसतेत. ते पाणी फेकून द्यायचं असतंय. त्या बाईनं काय सांगितलं?"

खालांनी ओढणी तोंडाला लावली. मामांनी पातेल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पानी फेकायचं म्हनतीय व्हय?" ड्रायव्हर हळूच म्हणाला. "ती बाई धरनाच्या काठाला ऱ्हात असंल."

लेक लालबुंद झाली. लातूरचीच पोर, नांदेडला दहा वर्षं राहून असं बोलून गेली याची तिलाच लाज वाटली असावी. ती रेवाशेजारी जाऊन बसली.

पुढे कधीतरी मला कळलं की चांगले आचारी मुद्दाम ते पाणी राखून ठेवतात आणि सॉसमध्ये घालतात. त्याने तो नळ्यांना धरून राहतो. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते घातलं कारण ते पाणी होतं. पण कढईत नळ्या पडल्या आणि सॉस त्यांना असा बिलगला की मोबाईलमधल्या बाईचा तसा बिलगला नव्हता, हे मी साक्षीदार म्हणून सांगते.

रेवा खायला बसली आणि समोर चार मोठी माणसं आणि टँकरचा ड्रायव्हर उभा. पोरीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एक नळी तोंडात घातली, चावली. दुसरी घातली. काका वही धरून उभे होते, पण पेन्सिल वहीला लागत नव्हती. मी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. चौथ्या भोकापाशीही तो सैल होता. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी त्यांनी हरावं असंही वाटलं. नांदेडला पाणी होतं, दवाखाना होता, आणि मी फार थकले होते.

रेवाने ताट पुसून घेतलं. बोटाने. मग म्हणाली, "आबा, माझी एक हरकत हाय."

"बोला."

"अजून पाहिजे होतं."

काकांनी लिहून घेतलं. "मंजूर," ते म्हणाले, आणि त्यांच्या वहीत तो शब्द मी पहिल्यांदा पाहिला.

लेकीने ताट ओंजळभर पाण्यात धुतलं आणि नळ्यांचं उरलेलं पाणी पातेल्यासकट उचलून खालाच्या शेळीला नेऊन दिलं. संध्याकाळी बसला निघताना ती माझ्या फाटकाशी थांबली. "काकू, लक्ष ठेवा त्यांच्यावर."

"मला नोकरी आहे," मी म्हटलं. "मीठ तेवढं बघते."

आणि बघितलं. त्या उन्हाळ्यात काका वरण शिकले, भात शिकले, जगाच्या नकाशात कुठे न बसणाऱ्या पण मापाने एकसारख्या पोळ्या शिकले, आणि रोज सकाळी भिंतीवरून पळी येऊ लागली. मला उशीर होत असला तरी, डोळ्यांवर झोप असली तरी, पळी यायची. पट्टा दोन भोकं मागे आला. रेल्वे पाणी आणत राहिली, आम्ही ड्रमची कुलपं उघडत-लावत राहिलो. मग पाऊस आला आणि चांगला आला. महिन्याभरात ड्रम उलटे झाले, कुलपं खिळ्याला लागली.

दसऱ्यानंतर दाराखाली चिठ्ठी आली. "कळविण्यात येते की, खाली सही करणार हे नांदेड येथे लेकीकडे राहावयास जात आहेत. घराची हद्द कायम आहे. याबाबत लगतधारकांची काही हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत नोंदवावी."

काका दिलेल्या शब्दाप्रमाणे जात होते. मी चिठ्ठी दोनदा वाचली. नियमात बसेल असं कारण मला सापडलं नाही. पंधरा दिवस संपले, मी सही केली. जाताना त्यांनी स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि फाटकापासून भिंतीपर्यंत पावलं टाकून आले. "बरोबर आहे," म्हणाले. जाण्याआधी ती वेळूची काठी माझ्याकडे दिली.

नांदेडला ते चौथ्या मजल्यावर राहतात. दोन्ही बाजूंची दारं बंद असतात, वर लिफ्टची मोटार आणि खाली दवाखाना. लगतधारक म्हणावा असा कोणी नाही. म्हणून दर रविवारी अकराला माझा फोन वाजतो. मागे कढईचा आवाज, रेवाचा आवाज. "बाई, टोमॅटो झाला. एक चमचा सपाट, वर नखभर. घालू का?"

दीडशे किलोमीटरवरून मला काय चव कळणार! तरी मी हातातलं काम ठेवते, क्षणभर थांबते, आणि म्हणते, "हरकत नाही."

फोन बंद झाल्यावर माझी भाजी गॅसवर असते. मीठ घालायला हात जातो आणि मधेच राहतो. मग मी भिंतीकडे बघते. पलीकडे कोणी नसतं. मी अंदाजाने घालते.